सेकंद नेमका कुठे सुरू होतो?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर, दहाएक मिनिटांच्या अंतराने, याच पट्ट्यात दोन धक्के बसले होते. बातमीला ‘सात वाजून चौदा मिनिटं’ एवढं पुरतं. भूकंप नेमका कुठे झाला हे शोधणाऱ्याला मात्र मिनिटाचा काहीच उपयोग नसतो. त्याला सेकंदाचा दहावा, शक्य झाल्यास शंभरावा भाग हवा असतो.

खडकातून सर्वांत पुढे येणाऱ्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात. त्यांच्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरपासून पन्नास किलोमीटरवर जमीन हलली असं धरू. पहिली लहर भोकरला आठ सेकंदांनी पोहोचेल, दुसरी चौदा सेकंदांनी. या दोघींमधलं अंतर एकाच ठिकाणच्या घड्याळावर मोजता येतं आणि त्यावरून ‘किती लांब’ याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी ते घड्याळ चार मिनिटं मागे असलं तरी बिघडत नाही. पण ‘कुठे’ हे सांगायचं तर तीच लहर नांदेडला कधी पोहोचली, लातूरला कधी, हैदराबादला कधी, हे ताडून पाहावं लागतं. तिथे सगळ्या घड्याळांचं एकमत लागतं. एका केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं, की त्या केंद्राच्या हिशेबात सहा किलोमीटरची चूक शिरते. मराठवाड्यात सहा किलोमीटर म्हणजे मधलं एखादं गाव सोडून पलीकडचं गाव.

हा हिशेब आपल्या भागाने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हादरलं. तीव्रता ६.२ होती आणि केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत सुरक्षित भागांत मोजलं जाई; लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, आणि जर्मनीहून आलेल्या शास्त्रज्ञांनी तात्पुरती केंद्रं उभारून मागाहून येणाऱ्या धक्क्यांची बारकाईने नोंद घेतली. जमिनीखालची भेग कोणत्या दिशेला कलली आहे, किती खोल जाते, हे त्या धक्क्यांच्या जागांवरूनच समजतं. आणि त्या जागा घड्याळांवरून ठरतात.

जुन्या पद्धतीच्या केंद्रावर फिरत्या ड्रमवर कागद गुंडाळलेला असे आणि सुई त्यावर रेघ ओढत जाई. कागद बहुधा मिनिटाला साठ मिलिमीटर सरके, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटर. दर मिनिटाला घड्याळ त्या रेघेवर एक खूण उमटवे. सेकंदाचा दहावा भाग वाचायचा तर भिंगातून मिलिमीटरचा दहावा भाग पाहायचा. घड्याळ बरोबर चाललंय की नाही हे रेडिओवरून ताडायचं. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं, एनपीएलचं, ‘एटीए’ नावाचं केंद्र लघुलहरींवर सेकंदाचे ठोके प्रसारित करत असे. पुढे हीच सेवा इन्सॅट उपग्रहावरूनही मिळू लागली. लघुलहरी आकाशातल्या आयनमंडलावर आपटून खाली येतात, त्यांचा रस्ता दिवसा-रात्री बदलतो आणि त्यासोबत उशीरही बदलतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तिथे शाश्वती नसे.

आज भोकरसारख्या तालुक्याच्या गावी, एखाद्या साध्या संगणकाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत बरोबर वेळ कळू शकते. खर्च काही शे रुपयांचा. हे कसं घडतं ते या प्रकरणात पाहायचं आहे.

भोकरची स्वतःची वेळ वेगळी आहे, तिथून सुरुवात करू. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. भोकर आहे ७७.७ अंशांच्या जवळपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून भोकरमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने दुपारी १२ वाजून १९ मिनिटांनी. सरासरीने म्हणायचं, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे हा मध्यान्ह वर्षभर पुढे-मागे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ३ मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास. पंचांग पाहणाऱ्याला हे नवीन नाही. गावागावाच्या सूर्योदयाचा फरक तो धरतोच. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ निराळी, कलकत्त्याची निराळी आणि रेल्वे मद्रासची वेळ पाळणारी, असा कारभार होता. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. म्हणजे आपल्या मनगटावरची वेळ ही भोकरच्या सूर्याने दिलेली नाही, ती करारातून आलेली आहे. करार पाळायचा तर तो कुणीतरी सतत सांगत राहावा लागतो.

तो सांगण्याचं काम एनपीएलचं. तिथे सीझियमची अणुघड्याळं आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच अशी आहे, की सीझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं पूर्ण व्हायला लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. घटिका, पळं, विपळं मोजणाऱ्या आपल्या परंपरेत विपळ म्हणजे सेकंदाचा चार-दशांश भाग. एवढ्या अवधीत प्रकाश एक लाख वीस हजार किलोमीटर जातो. इथे गरज आहे ती विपळाच्या लाखो पटींनी बारीक मापाची.

संगणकाच्या पोटात मात्र असलं काही नसतं. तिथे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका उरतो, म्हणून तो निवडला. संगणक बंद असताना बटणासारख्या सेलवर हाच स्फटिक वेळ धरून ठेवतो. संगणक सुरू झाला की वेळ मोजण्याचं काम दुसऱ्या, लाखो-कोट्यवधी वेळा थरथरणाऱ्या स्फटिकाकडे जातं. दोन्ही स्वस्त, दोन्ही थोडे चुकणारे. दहा लाखांत वीस भागांची चूक अशा स्फटिकाला माफ असते. ऐकायला ती नगण्य वाटते, पण दिवसाचे सेकंद ८६,४०० आहेत. त्यामुळे रोज पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट चूक साचते.

त्यात आपलं ऊन. घड्याळाचा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नीट चालतो. तिथून तापमान जितकं दूर जाईल, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या डब्यात ४५ अंश सहज होतात; मग याच एका कारणाने घड्याळ दिवसाला सव्वा सेकंद मागे पडतं. थंडीतही ते पुढे जात नाही. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवरसुद्धा ते मागेच पडतं, कारण वर्ग दोन्ही बाजूंना धनच येतो. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले दोन संगणक एकाच टेबलावर ठेवले, तरी आठवड्याभरात त्यांची वेळ जुळत नाही.

सर्वांच्या ओळखीचा उपाय म्हणजे इंटरनेट. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली एनटीपी ही पद्धत आजही जगभर चालते. संगणक वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो. प्रश्न निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा टिपल्या जातात आणि त्यांतून प्रवासाला लागलेला काळ वजा होतो. यात एक गृहीत दडलेलं आहे: जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला लागला. मोबाइलच्या टॉवरवरून, चार-पाच शहरांतून जाणाऱ्या जोडणीत हे क्वचितच खरं असतं. जाण्यायेण्यात चाळीस मिलिसेकंदांचा फरक पडला, तर वेळ वीस मिलिसेकंदांनी चुकते आणि ही चूक झाली हे कळायला संगणकाकडे कसलाही मार्ग नसतो.

बँकेला, तहसील कार्यालयाला, रुग्णालयाला एवढी अचूकता भरपूर झाली. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात संगणक यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितलं ते योग्यच होतं. गुन्हा कोणत्या क्रमाने घडला हे नोंदींवरून जुळवायचं तर घड्याळं आधी जुळलेली हवीत. खरं तर भूकंपालाही वीस मिलिसेकंद चालून जातील, कारण तेवढ्यात लहर सव्वाशे मीटरच जाते. पण भूकंपमापक मुद्दाम वस्तीपासून, रस्त्यापासून, रेल्वेच्या रुळांपासून दूर ठेवतात आणि तिथे इंटरनेट असेलच असं नाही. लाइट गेली, टॉवर बंद पडला, की संगणक पुन्हा त्या एकट्या स्फटिकाच्या हवाली. जिथे जमीन दिसते तिथे जोडणी नसेल. आकाश मात्र सगळीकडे असतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळं आहेत आणि प्रत्येक उपग्रह अखंडपणे दोन गोष्टी सांगत असतो: मी इथे आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजले आहेत. हा संदेश जमिनीवर यायला सेकंदाचा सुमारे चौदावा-पंधरावा भाग लागतो. आपण या यंत्रणेला नकाशासाठी वापरतो, त्यामुळे ती मुळात घड्याळांची यंत्रणा आहे हे लक्षातच येत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. म्हणून अंतर मीटरपर्यंत मोजायचं तर वेळ काही नॅनोसेकंदांपर्यंत मोजलीच पाहिजे. आपल्या हातातल्या ग्राहक यंत्रात अणुघड्याळ नसतं, तिथेही साधा स्फटिकच. म्हणून ते चार गोष्टी अज्ञात धरतं: अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. चार अज्ञातांसाठी चार उपग्रह लागतात. समीकरणं सुटली की जागेबरोबर वेळही हातात येते, तीही नॅनोसेकंदांत. जागा एकदा पक्की झाली आणि यंत्र हलणार नसेल, तर पुढे वेळेपुरता एक उपग्रहसुद्धा पुरतो.

आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद इथे रोजच्या व्यवहारात उतरलेला दिसतो, म्हणून क्षणभर थांबू. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ४६ मायक्रोसेकंद पुढे जातं. वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उरतात सुमारे ३९ मायक्रोसेकंद. एवढ्या काळात प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक जातो. ही दुरुस्ती केली नसती, तर भोकरमधून निघालेल्या माणसाला नकाशाने दुसऱ्याच दिवशी भलत्या शिवारात नेलं असतं. म्हणून ही घड्याळं उडवण्यापूर्वीच तेवढी मंद करून ठेवतात.

आता खरी मेख. ग्राहक यंत्राला वेळ कळली, पण ती संगणकाला सांगायची कशी? यंत्रातून एक तार निघते आणि तिच्यावरून अक्षरं येतात: आज अमुक तारीख, अमुक वाजून अमुक मिनिटं, अमुक सेकंद. या वाक्यांचा साचा ‘एनएमईए’ म्हणून ओळखला जातो. सेकंदाला ९६०० बिटांच्या नेहमीच्या वेगाने सत्तर अक्षरांचं एक वाक्य यायला सत्तरहून अधिक मिलिसेकंद लागतात. अशी पाच-सहा वाक्यं आली की अर्धा सेकंद गेला. शिवाय ती दर वेळी नेमक्या त्याच क्षणी निघत नाहीत. म्हणजे आकाशातून नॅनोसेकंदांपर्यंत बरोबर आलेली वेळ शेवटच्या हातभर तारेवर अर्ध्या सेकंदाने शिळी होते.

म्हणून यंत्राला दुसरी तार दिलेली असते. तिच्यावर अक्षर नाही, आकडा नाही. दर सेकंदाला एकदा तिचा दाब शून्यावरून तीन-साडेतीन व्होल्टवर चढतो आणि बहुधा शंभर मिलिसेकंदांनी खाली येतो. तो चढण्याचा क्षण म्हणजे सेकंदाचा आरंभ. स्वस्तातल्या यंत्रातही हा क्षण काही दहा नॅनोसेकंदांपर्यंत बरोबर असतो. याला पीपीएस म्हणतात, दर सेकंदाचा ठोका. लग्नपत्रिकेवर मुहूर्ताचे तास-मिनिटं छापलेली असतात, पण अक्षता पडतात त्या अंतरपाट दूर होतो त्या क्षणी. अक्षरांची तार ही पत्रिका आणि ठोक्याची तार हा अंतरपाट. एकीला क्षण माहीत नाही, दुसरीला आकडा माहीत नाही. दोन्ही जोडल्यावर वेळ पूर्ण होते.

संगणकाच्या बाजूने हे असं घडतं. ठोक्याची तार जुन्या सिरियल पोर्टच्या एका पिनेला किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकाच्या पिनेला जोडतात. दाब चढताच प्रोसेसर हातातलं काम थांबवतो आणि आपल्या घड्याळात त्या क्षणी किती वाजलेत ते आधी टिपून ठेवतो. या टिपण्याला काही मायक्रोसेकंदांचा उशीर होतो, तेवढीच काय ती मुख्य चूक. मग ‘क्रोनी’ किंवा त्यासारखी प्रणाली हिशेब करते: ठोका पडला तेव्हा माझ्या घड्याळात पूर्ण सेकंद व्हायला हवा होता, झाले मात्र पूर्ण सेकंदावर अठरा मायक्रोसेकंद. म्हणजे मी तेवढा पुढे आहे.

इथे नवख्या माणसाला वाटतं, की आता ती घड्याळ अठरा मायक्रोसेकंदांनी मागे सरकवेल. चांगली प्रणाली तसं करत नाही. घड्याळ मागे नेलं तर नंतर घडलेल्या गोष्टीवर आधीची वेळ पडू शकते आणि नोंदींचा क्रमच विस्कटतो. ती घड्याळाची चाल किंचित मंद करते आणि चूक जिरू देते. दर ठोक्यावर विश्वासही ठेवत नाही. अनेक ठोके एकत्र पाहून, विचित्र वाटणारे बाजूला काढून, एकच गोष्ट शिकत राहते: हा स्फटिक आज, या उष्णतेत, दहा लाखांत किती भागांनी धावतो आहे. हे शिकलेलं ती फाइलमध्ये लिहून ठेवते. मला या सगळ्या व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वेळ सांगणारे उपग्रह आभाळात आहेत, पण संगणकाला खरं उपयोगी पडतं ते त्यांच्या मदतीने झालेलं स्वतःच्या चुकीचं ज्ञान. पावसाळ्यात वीज कोसळून अँटेना गेली, उपग्रह दिसेनासे झाले, तरी चाल माहीत असलेलं घड्याळ बराच वेळ तग धरतं. चालीचा अंदाज दहा लाखांत दशांश भागापर्यंत बरोबर असेल, तर तासाभरात चूक होते ती सुमारे ३६० मायक्रोसेकंदांची. एक पूर्ण भाग चुकला तर साडेतीन मिलिसेकंदांहून थोडी जास्त.

हे काम हाताने करून पाहणाऱ्यांना चुकांची काही ठरावीक वळणं भेटतात. ठोक्याचा चढ पाहायचा तिथे उतार पाहिला, तर सगळी वेळ बरोबर शंभर मिलिसेकंद चुकते आणि इतकी स्थिर चुकते की शंकाच येत नाही. अक्षरांचं वाक्य अर्ध्या सेकंदाहून उशिरा आलं, तर प्रणाली ते पुढच्या ठोक्याशी जोडते. मग मायक्रोसेकंद बिनचूक आणि सेकंद मात्र एकाने चुकलेला. म्हणून अक्षरांच्या तारेला किती उशीर होतो हे एकदा एनपीएलच्या सर्व्हरशी ताडून प्रणालीला सांगावं लागतं. यूएसबीतून ठोका घेतला तर तो ठरावीक फेऱ्यांची वाट पाहून येतो आणि मिलिसेकंदाच्या आसपास डगमगतो. काम अचूकतेचं असेल तर थेट पिनच हवी. अँटेनाच्या केबलमध्ये दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद जातात. भूकंपाला ते मोजायची गरज नाही, पण नॅनोसेकंदांत काम करणारे ते वजा करतात. आणि अँटेना पत्र्याखाली ठेवून भागत नाही. उपग्रहाची लहर जमिनीवर येते तेव्हा तिची शक्ती एका वॅटच्या कोटी-कोटीव्या भागाच्याही सत्तराव्या हिश्श्याएवढी असते. तिला मोकळं आकाश लागतं.

जीपीएसची वेळ आणि आपली वेळ यांच्यात १८ सेकंदांचा फरकही आहे. जीपीएसचं घड्याळ ६ जानेवारी १९८० रोजी जगाच्या समन्वित वेळेशी जुळवून सुरू झालं आणि नंतर सरळ मोजत गेलं. पृथ्वीच्या फिरण्यातल्या अनियमितपणामुळे नागरी वेळेत अधूनमधून एक सेकंद वाढवला जातो. जीपीएस तो वाढवत नाही. शेवटचा असा सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या उंबरठ्यावर आला. फरक किती हे उपग्रह सांगतात, पण संपूर्ण संदेशाची एक फेरी साडेबारा मिनिटांची असते. म्हणून बराच काळ बंद असलेलं यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं ते काही सेकंदांनी चुकीची वेळ छातीठोकपणे सांगू शकतं. घाई करू नये. वाढीव सेकंदाची प्रथा २०३५ पर्यंत बदलायची, असं जगातल्या मापनसंस्थांनी २०२२ मध्ये ठरवलं आहे.

उपग्रह चुकतच नाहीत असंही नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांच्या संदेशात चुकीची माहिती शिरली आणि नागरी वेळ १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकीची सांगितली गेली. रस्ता शोधणाऱ्यांना काही कळलं नाही. ठोक्यावर चालणाऱ्या दूरसंचार यंत्रणांमध्ये मात्र जगभर इशारे वाजले. एकाच देशाच्या उपग्रहांवर विसंबू नये याचं हे उत्तम कारण. आपल्या देशाच्या ‘नाविक’ या दिशादर्शक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे त्याचीच तीन आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. नाविकला तो मोठा फटका होता. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झालेलं देशी रुबिडियम घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ हा उपग्रह २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. जानेवारी २०२५ मधल्या एनव्हीएस-०२ ला ठरलेल्या कक्षेत पोहोचता आलं नाही. हा प्रवास अवघड आहे, पण अणुघड्याळ स्वतः बनवता येणं ही कुठल्याही देशासाठी मूलभूत गोष्ट आहे.

विजेच्या जाळ्यालाही हाच ठोका लागतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडात पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा तपास करणाऱ्यांचा पुष्कळ वेळ निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदी एका घड्याळावर आणण्यातच गेला, कारण अनेक यंत्रांच्या वेळा जुळत नव्हत्या. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेत एक मिलिसेकंद म्हणजे अठरा अंशांची कला. दोन उपकेंद्रांतली कला ताडून जाळ्यावरचा ताण ओळखायचा तर मायक्रोसेकंदांची भाषा बोलावी लागते. आपल्या देशातल्या वीजवाहिन्यांवरची अशी मापक यंत्रं उपग्रहाच्या वेळेवरच चालतात.

आणि मराठवाड्यात या ठोक्याचं सर्वांत कडक काम अजून यायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम खातं मिळून हे काम करत आहेत. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेझरचे किरण धावतील आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर भुजांची लांबी अणुकेंद्रकाहूनही कितीतरी कमी अंतराने बदलेल, ती टिपतील. भोकरपासून ही जागा सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला पाव मिलिसेकंद लागतो. गच्चीवर अँटेना ठेवून पीपीएसवर चालणारा भोकरमधला एखादा संगणक त्या पाव मिलिसेकंदाचेही शंभरेक भाग पाडू शकतो.

अशी पहिली गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंदांनी टिपली गेली. शास्त्रज्ञांच्या नोंदीत तिची वेळ तास-मिनिटांत नसते. ती आहे १,१२,६२,५९,४६२: जीपीएसचं घड्याळ सुरू झाल्यापासून मोजलेले सेकंद, मध्ये कुठलाही वाढीव सेकंद न घालता. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत ती आधी पोहोचली आणि सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डला ६.९ मिलिसेकंदांनी. या ६.९ मिलिसेकंदांवरून लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा अंदाज बांधला गेला. तिथली यंत्रं सेकंदाला ६५,५३६ वेळा मोजमाप घेतात आणि त्या प्रत्येक मोजमापाचा ताल जीपीएसच्या ठोक्याला बांधलेला असतो.

त्या दोन वेधशाळांमध्ये प्रकाशाला जेमतेम दहा मिलिसेकंद लागतात. औंढ्यापासून हॅनफर्ड पृथ्वीच्या पोटातून सरळ मोजलं तर साडेदहा हजार किलोमीटरांहून थोडं अधिक, म्हणजे सुमारे ३५ मिलिसेकंद; लिव्हिंग्स्टन ३८. पाया साडेतीन-चौपट लांब झाला, की वेळेतल्या तेवढ्याच अचूकतेवर दिशेतली चूक त्याच प्रमाणात घटते. शिवाय हा पाया निराळ्या दिशेला पसरलेला असल्यामुळे आकाशातला जो लांबट पट्टा शोधावा लागे, तो आखूड होतो. खगोलशास्त्रज्ञांना दुर्बिणी लवकर तिकडे वळवता येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत उपग्रहाने टिपला, तेव्हा या वळवण्याचं महत्त्व जगाला समजलं. त्या टकरीचा प्रकाश दुर्बिणींना सापडला तो दिशा काही तासांत पुरेशी अरुंद करता आली म्हणून.